हा लाल रंग कशाचा?

प्रस्तावना

आलापल्लीच्या चौकातून वाटा फुटतात. एक आष्टीवरून चंद्रपूरला, एक अहेरीला, एक सिरोंच्याला, आणि पूर्वेच्या जंगलात भामरागड-एटापल्लीकडे. कित्येक पिढ्या या चौकानं सागाचे ओंडके जाताना पाहिले. आता एटापल्लीच्या अंगानं लोहखनिज येतं. हे पुस्तक त्याच वाटेवर सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर एका चुकीतून सुरू झालं.

मृगाच्या तोंडावरची गोष्ट. पीएच.डी.ची एक विद्यार्थिनी माझ्यासोबत होती. तिचा विषय खनिजवाहतुकीची धूळ आणि रस्त्याकडेची झाडं. गाडी थांबवून ती उतरली, सागाच्या एका कोवळ्या पानावर तिनं अंगठा जोरात घासला आणि वर करून मला दाखवला. लालभडक. लगेच वहीत नोंद झाली: 'रस्त्यापासून १० मीटर. पानावर लोहधूळ, भरपूर.' वाट दाखवायला गावातली एक बाई आमच्याबरोबर आली होती. ती काही बोलली नाही. रस्ता सोडून जंगलात बरीच आत गेली, तिथल्या सागाचा कोवळा शेंडा खुडून आणला, तळहातांत चुरडला आणि दोन्ही हात आमच्यापुढे धरले. तेही लालभडक. मग ती हसली.

सागाचं कोवळं पान चुरडलं की त्यातून लाल रंग निघतोच. सागाच्या जंगलात वाढलेल्या पोराला हे सांगावं लागत नाही. आम्हा दोघांच्या पदव्या मिळून आम्हाला ते ठाऊक नव्हतं.

पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही. त्याच झाडाच्या खालच्या जुन्या, खरखरीत पानांवर धूळ होतीच. ओल्या पांढऱ्या कपड्यानं पान पुसलं की कपड्यावर गेरूसारखा पट्टा उठत होता. म्हणजे विद्यार्थिनीचा निष्कर्ष बरोबर होता आणि पुरावा खोटा होता. ही अवस्था साध्या चुकीपेक्षा वाईट. तो अंगठा प्रबंधात गेला असता तर कोणत्याही जाणत्या अभियंत्यानं तो दोन मिनिटांत खोडून काढला असता, आणि त्यासोबत गावाची खरी तक्रारही खोडली गेली असती. त्या संध्याकाळी टपरीवर चहा घेताना आम्ही पहिलं टिपण लिहिलं: पान कोणतं घ्यायचं, कोवळं की जून, किती उंचीवरचं, मोजून घेतलेल्या पाण्यात धुवायचं, गाळायचं, वाळवायचं, तोलायचं, आणि रस्त्यापासून लांबच्या पानाशी ताडून पाहायचं. पुढच्या पानांत आलेली बाकीची टिपणं त्या टिपणाला लागून वाढली.

ही टिपणं जबाबदार खाणकाम आणि कच्चा माल या विषयावर संशोधन करणाऱ्यांसाठी, आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी आहेत. विषयाचं नाव ऐकून दोन प्रकारचे लोक भुवया उंचावतात. एकांना वाटतं, 'जबाबदार' हे कंपन्यांच्या अहवालातलं गुळगुळीत विशेषण आहे. दुसऱ्यांना वाटतं, हा विकासाला खीळ घालण्याचा सभ्य मार्ग आहे. मला तो शब्द आवडतो, कारण तो मराठीत अजून जिवंत आहे. जबाबदार म्हणजे जबाब देणारा. जबाब द्यायचा तर कोणीतरी विचारणारा लागतो, त्याला विचारता येईल अशी भाषा लागते, आणि उत्तर खरं की खोटं हे पडताळण्याची सोय लागते. खाणीच्या बाबतीत या तीनही गोष्टी आपोआप जुळून येत नाहीत. त्या जुळवण्याच्या कामात संशोधकाचा वाटा किती आणि कुठवर, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

'कच्चा माल' हा शब्दही जरा थांबून पाहण्यासारखा आहे. मोहाची फुलं घरात आली की ती फुलं असतात, गुत्त्यात गेली की कच्चा माल. डोंगराचंही तसंच. एटापल्लीकडच्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत तिथं यात्रा भरते, परिसरातल्या गावांचे लोक येतात. त्याच डोंगराच्या पोटात हेमॅटाइट आहे. दोन्ही विधानं खरी आहेत. संशोधकाला दोन्ही एका वहीत लिहिता आली पाहिजेत.

तसं लिहिणारा माणूस या मुलखाला दीडशे वर्षांपूर्वी भेटलेला आहे. नागपूरचा स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याला दगडांचं आणि जीवाश्मांचं वेड होतं. नागपूर आणि आसपासच्या भूशास्त्रावर त्यानं लिहिलं, आणि गोंडांच्या कथा, चालीरीती, भाषा यांचीही टिपणं केली. १८६३ मध्ये तो बुडून मेला. आदिवासींवरची त्याची टिपणं रिचर्ड टेंपल यानं १८६६ मध्ये छापली. त्याचा मिशनरी हेतू आपण विसरायचं कारण नाही. पण खडक पाहणारा आणि माणसं ऐकणारा एकच होता, ही गोष्ट नंतर दुर्मिळ झाली. भूशास्त्र एका विभागात गेलं, समाजशास्त्र दुसऱ्या.

खुद्द 'गोंडवाना' या शब्दाचा प्रवासही बोलका आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या मेडलिकॉटनं इथल्या दगडी कोळशाच्या थरांना हे नाव सुचवलं. १८७६ मध्ये फाइस्टमांटेलनं ते छापलं. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या एडवर्ड स्यूसनं त्यावरून एका आख्ख्या प्राचीन भूखंडाला 'गोंडवानालँड' म्हटलं. आज ब्राझीलमधला, दक्षिण आफ्रिकेतला, ऑस्ट्रेलियातला भूशास्त्राचा विद्यार्थी हा शब्द रोज उच्चारतो. त्यातले गोंड कोण, हे त्याला बहुधा माहीत नसतं. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ निघालं, तेव्हा तो शब्द जगाची फेरी मारून घरी आला असं म्हणायला हरकत नाही.

लोखंडाची गोष्टही इथं नवी नाही. जुन्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यात मातीच्या छोट्या भट्ट्यांत लाकडी कोळशावर लोखंड गाळलं जात होतं. लोहारा नावाचा डोंगर त्याच्या खनिजासाठी इंग्रज काळात प्रसिद्ध होता. १८८२ मध्ये फॉन श्वार्त्स या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयीचा अहवाल जमशेटजी टाटांच्या हाती पडला आणि पोलाद कारखान्याचं स्वप्न तिथून सुरू झालं. लोहाऱ्याचं खनिज उत्तम, जवळच वरोऱ्याला कोळसा. कोळशाचे नमुने टाटांनी जर्मनीला नेऊन तपासले. तो पोलादाच्या कामाचा निघाला नाही, आणि खाणपट्ट्याच्या तत्कालीन सरकारी अटीही जाचक होत्या. बेत बारगळला. वीस-बावीस वर्षांनी दोराबजी टाटा पुन्हा याच भागात शोध घेत होते. नागपूरच्या संग्रहालयात भिंतीवरचा एक भूशास्त्रीय नकाशा त्यांच्या नजरेस पडला. त्यात दुर्ग जिल्ह्याचा भाग लोहखनिजाच्या रंगानं रंगवलेला होता. शोध तिकडे, पुढे मयूरभंजकडे सरकला, आणि पोलादाचं शहर चांद्याऐवजी साकचीला वसलं.

ही हकिगत मी वर्गात नेहमी सांगतो, कारण कच्च्या मालाचा पहिला धडा तिच्यात आहे. नुसतं खनिज असून भागत नाही. कोळसा, पाणी, वाहतूक, कायदा आणि भांडवल यांचा मेळ बसेपर्यंत डोंगर डोंगरच राहतो. मेळ बसला की मात्र घडामोडी फार वेगानं होतात. गावाला अंदाज येण्याआधी.

सुरजागडचा मेळ बसायला आणखी शंभर वर्षं लागली. ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स कंपनीला मिळाला. प्रत्यक्ष काम २०१६ मध्ये सुरू झालं, आणि त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहनं जाळली. जानेवारी २०१९ मध्ये एटापल्लीच्या वाटेवर गुरुपल्लीजवळ ट्रक आणि एसटी बसच्या अपघातात माणसं गेली, संतप्त लोकांनी ट्रक पेटवले आणि खाण थांबली. २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. वर्षाला ३० लाख टनांची परवानगी १ कोटी टनांवर नेण्यासाठीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीला झाली, खाणीच्या गावांपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. २०२५ मध्ये खाणीजवळच्या हेडरीपासून कोनसरीपर्यंत हा ८५ किलोमीटरचा नळ सुरू झाला, ज्यातून दळलेलं खनिज पाण्याबरोबर वाहतं. त्याच वर्षी खनिज-शुद्धीकरण प्रकल्पासाठी भामरागड वनविभागातली ९३७ हेक्टर जमीन वळवण्याचा प्रस्ताव पुढे सरकला. त्यात लाखाहून अधिक झाडं जायची आहेत.

या तपशिलांवर मत बनवायला दोन मिनिटं पुरतात. विद्यार्थ्याला मी मत बनवण्याआधी हिशेब मांडायला लावतो. वर्षाला १ कोटी टन खनिज सगळं रस्त्यानं न्यायचं ठरलं आणि एका ट्रकमध्ये २५ टन धरलं तर ४ लाख खेपा होतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला तेराशेहून जास्त. म्हणजे दिवसरात्र मिळून जवळजवळ दर मिनिटाला एक भरलेला ट्रक, आणि तितकेच रिकामे परतीचे. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण आलापल्लीच्या शाळेतलं पोर रस्ता कसा ओलांडणार, हा प्रश्न या अंदाजातून आकड्यात उभा राहतो.

मग नळ आला. रस्त्यावरचे ट्रक कमी होतील, धूळ कमी होईल, हा फायदा खरा आहे आणि तो लिहिला पाहिजे. पुढचा हिशेब पाण्याचा. अशा नळात खनिज आणि पाण्याचं वजन ढोबळ मानानं दोनास एक असतं. १ कोटी टन खनिज असं न्यायचं तर साधारण ५० लाख घनमीटर पाणी लागेल. ते कोणत्या नदीचं, कोणत्या महिन्यात उचललेलं, शेवटाला वेगळं काढल्यावर कुठं सोडलेलं, की परत वापरलेलं? प्रश्न रस्त्यावरून नदीकडे सरकला. संपला नाही. खाणीतले बहुतेक उपाय असेच असतात, आणि उपायाचा पुढचा प्रश्न आधी पाहणं हे डॉक्टरेटच्या पातळीचं काम आहे.

तिसरा हिशेब डोंगराच्या पोटातला. चांगलं हेमॅटाइट साठ टक्क्यांच्या वर लोह देतं. त्याच्या शेजारी आणि खाली पट्टेदार दगड असतो, लालसर हेमॅटाइट आणि पांढुरकी गारगोटी यांचे थरावर थर. भूशास्त्रज्ञ त्याला बीएचक्यू म्हणतात. विद्यार्थ्याच्या एका हातात हेमॅटाइटचा तुकडा द्यावा आणि दुसऱ्या हातात तेवढ्याच आकाराचा बीएचक्यूचा. काही न सांगता तो म्हणतो, हा हलका आहे. न्हाणीघराच्या फरशीची मागची खरबरीत बाजू घेऊन त्यावर हेमॅटाइट घासलं तर गेरूची रेघ उठते. घरांच्या भिंती सारवून त्यावर ओढतात तोच गेरू. पट्टेदार दगडाची गार मात्र रेघ उठवण्याऐवजी फरशीच खरवडते.

या हलक्या दगडातही लोह आहे, समजा ३५ टक्के. पूर्वी तो टाकाऊ म्हणून बाजूला पडायचा. आता तो दळून लोह वेगळं काढता येतं. मिळालेलं शुद्ध खनिज ६५ टक्के आणि उरलेला गाळ १५ टक्के लोहाचा धरला, तर गणित सांगतं की दर १०० टन दगडातून ४० टन खनिज हाती येतं आणि ६० टन बारीक गाळ मागं राहतो. ज्याला टाकाऊ म्हणायचे त्यातून लोखंड निघालं, ही चांगली गोष्ट. एक टन खनिजामागे दीड टन पिठासारखा गाळ कुठेतरी कायमचा ठेवायचा आहे, ही दुसरी गोष्ट. दोन्ही एका वाक्यात लिहायला शिकवणं म्हणजे हा विषय शिकवणं.

हा गाळ काय करू शकतो ते जगानं पाहिलं आहे. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो इथं लोहखनिजाच्या गाळाचं धरण फुटलं आणि २७० माणसं गेली. ते धरण वापरात नव्हतं, आणि फुटण्याच्या काही महिने आधी तपासणाऱ्यांनी ते स्थिर असल्याचा दाखला दिला होता. त्यानंतर २०२० मध्ये गाळसाठ्यांसाठी जागतिक मानक तयार झालं. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्या दाखल्याबद्दल विचार करायला लावतो. दाखला देणारे शिकलेलेच होते. त्यांची फी कोण देत होतं, आणि 'नाही' म्हणायची मुभा त्यांना किती होती?

हा प्रश्न आपल्या दारात उभा आहे. अलीकडे गोंडवाना विद्यापीठानं खाण कंपनी आणि ऑस्ट्रेलियातलं कर्टिन विद्यापीठ यांच्या सहकार्यानं खाण-अभियांत्रिकीचं शिक्षण गडचिरोलीत आणलं. इथल्या मुलांना ट्रक मोजण्यापलीकडे खाणीच्या आराखड्यावर बसण्याची संधी मिळते, याचं मी मोकळेपणानं स्वागत करतो. आज या भागात एकाच घरातला एक मुलगा डंपर चालवून पगार आणतो आणि दुसरा ग्रामसभेच्या ठरावावर सही करतो. संध्याकाळी दोघं एकाच ताटलीतली भाजी खातात. त्यातल्या कोणाला खोटं ठरवणं माझ्या कामात बसत नाही. पण उद्योगाच्या पैशावर शिकणं आणि उद्योगाविषयी संशोधन करणं यांत जगात सगळीकडे ताण असतो, आणि तो लपवल्यानं जात नाही. म्हणून या पुस्तकातला एक नियम: प्रबंधाच्या पहिल्या पानावर पैसा कोणी दिला, नमुने घ्यायला परवानगी कोणी दिली, आणि छापण्याआधी मजकूर कोणी वाचला, हे तीन वाक्यांत लिहायचं.

कर्टिन विद्यापीठ ज्या पश्चिम ऑस्ट्रेलियात आहे, त्याच राज्यातल्या पिलबारात मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीनं जुकन घळीतल्या गुहा लोहखनिजासाठी सुरुंगानं उडवल्या. ४६ हजार वर्षांच्या मानवी वस्तीच्या खुणा तिथं होत्या, आणि त्या भूमीच्या मूळ लोकांसाठी ती जागा पवित्र होती. कंपनीकडे कायदेशीर परवानगी होती. पुरातत्त्वाचे अहवालही तिच्याकडे होते. तरी ते घडलं, आणि मग कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. ठाकूरदेवाच्या डोंगराविषयी बोलताना मी हे उदाहरण देतो ते भीती घालायला नव्हे. अहवाल असणं आणि तो योग्य माणसाच्या टेबलावर योग्य वेळी उघडला जाणं यांत किती अंतर असतं, ते दिसावं म्हणून.

आपल्याकडे कायदा कागदावर बराच पुढे आहे. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला मान देतो. २००६ चा वनहक्क कायदा जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य करतो. २००९ च्या परिपत्रकानं वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती मागितली. २०२२ च्या नियमांनी ती जबाबदारी केंद्राच्या मंजुरीच्या टप्प्यावरून राज्याकडे सरकवली. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीवर ग्रामसभांनी एकामागून एक नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे त्या नकाराला वजन आलं. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. जुन्या पट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम बाधित भागासाठी त्यात जमा व्हायची असते. हे सगळं विद्यार्थ्याला पाठ हवं. पण पाठ असून भागत नाही, कारण ग्रामसभेत बसल्यावर 'पर्यावरणीय आघात मूल्यांकन' हा शब्द इथल्या माडिया बोलीत कसा सांगणार, हा प्रश्न उरतोच. संमतीपत्र इंग्रजीत लिहायचं, मराठीत वाचायचं आणि माडियात अंगठा घ्यायचा, याला संमती म्हणता येत नाही.

इथं गडचिरोलीनंच जगाला शिकवण्यासारखं काही केलं आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेसाठी ओळखलं जातं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते होतं. घोषणा सगळे सांगतात. तिच्यामागचा अभ्यासगट कमी जणांच्या लक्षात राहतो. देवाजी तोफा आणि गावकरी, त्यांच्यासोबत मोहन हिराबाई हिरालाल, असे लोक वर्षानुवर्षं बसून जंगल, कायदा, अर्थव्यवहार यांवर चर्चा करत. बाहेरचा जाणकार तिथं बोलायचा, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वांच्या सहमतीनं. युरोपात १७६५ मध्ये फ्रायबर्गची खाण-अकादमी निघाली तेव्हापासून खाणीचं उच्चशिक्षण अभियंता घडवण्याभोवती फिरलं. अभ्यासगटानं दुसरी बाजू दाखवली: ज्याच्या जमिनीवर काम चाललंय त्यानंही अभ्यासाला बसायचं, आणि तज्ज्ञानं त्याच्या प्रश्नांची तयारी करून यायचं.

मोजमाप गावाला कळत नाही, हा समज मी याच भागात सोडला. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. सत्तर पानांचा एक पुडा. पहाटेपासून तोडलेली पानं दुपारी अंगणात मांडून बाया पुडे बांधतात, गप्पा मारत, नजर दुसरीकडे ठेवून. तरी पुड्यात अडुसष्ट भरत नाहीत. ज्या हातांना हे जमतं, त्यांना नमुना म्हणजे काय आणि सरासरी म्हणजे काय हे सांगायला मला एक संध्याकाळ पुरली. तुलनेसाठी न बिघडलेला तुकडा लागतो, हेही त्यांना वेगळं समजावावं लागलं नाही. आलापल्लीजवळचं 'वनवैभव' १९५३ पासून राखलेलं आहे. २०१४ मध्ये ते राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ झालं. अवघ्या ६ हेक्टरांचा तो तुकडा सागाचं जंगल मूळचं कसं दिसतं, ते सांगायला पुरतो.

त्याच हंगामात ती विद्यार्थिनी पहिल्या वर्षीचे आकडे घेऊन एका ग्रामसभेत उभी राहिली. धूळ ग्रॅममध्ये, अंतर मीटरमध्ये, तक्ता मराठीत, आणि एक मुलगा माडियात सांगायला. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग वाट दाखवायला आलेली तीच बाई उठली. सागाचं झालं, म्हणाली, पण साग आम्ही विकत नाही. रस्त्याकडेचं तेंदूपान फळीवर, म्हणजे पुडे गोळा होतात त्या जागी, भरताना किती बाजूला काढलं जातं, ते कोणी मोजलंय का? विद्यार्थिनी म्हणाली, नाही. मोजलं नाही.

सभेत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी रागावलंही नाही. पुढल्या हंगामासाठी तीन फळ्या ठरल्या, कोण मोजणार ते ठरलं, वही कोणाकडे राहणार ते ठरलं. एक वही विद्यार्थिनीची, एक गावाची, दोन्हीत रोज तेच आकडे. तिच्या प्रबंधातलं चौथं प्रकरण त्या वहीतून येईल. धूळ नडते असं निघालं तर तसं लिहायचं, नडत नाही असं निघालं तरी तसंच लिहायचं, हेही त्या सभेतच ठरलं. मला वाटतं, जबाब देणं म्हणतात ते हेच.

या पुस्तकात पाच भाग आहेत: दगड, पाणी, रस्ता, कायदा आणि सभा. पहिले चार वाचून पाचव्याकडे यावं असा क्रम लावला आहे. पण ज्याला घाई आहे त्यानं पाचवा आधी वाचावा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोन पानं कोरी सोडली आहेत. ती सजावटीसाठी नाहीत. ग्रामसभेत विचारलेले आणि आपल्याला उत्तर न आलेले प्रश्न तिथं लिहायचे आहेत. माझ्या स्वतःच्या प्रतीतली बरीच पानं भरली आहेत. पहिल्या पानावर एकच ओळ आहे, त्या बाईनं तळहात पुढे धरून न बोलता विचारलेली: हा लाल रंग कशाचा?

आलापल्ली
तेंदूचा हंगाम